तुमचे म्हणणे असे आहे ना?



येत्या ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण आहे. त्या निमित्ताने त्यांनी घालून दिलेला एक छोटा नियम आज आपण अभ्यासासाठी घेऊ. हा नियम बोलण्याविषयी आहे, आणि त्याहून अधिक बोलण्याआधी ऐकण्याविषयी आहे. आपल्या धर्मग्रामाला त्याची आज फार गरज आहे, असे आम्हांला वाटते.

गरज का, हे वेगळे सांगायला नको. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावे महानगरपालिकेत असावीत की नसावीत ह्यावरून गावागावांत तट पडले. प्रश्न खरा होता. जमिनीचा, पाण्याचा, घरपट्टीचा, हिरव्या पट्ट्याचा होता. त्यावर मतभेद होणे रास्तच होते. पण तो मतभेद सभेपुरता राहिला नाही, तो ओटीवर आणि तिथून स्वयंपाकघरात आला. दोन भावांच्या घरांची विहीर एक, वाट एक, आणि बोलणे बंद, अशी उदाहरणे आपल्याला शोधावी लागत नाहीत. त्यानंतर निवडणुका आल्या आणि गेल्या, फलक उतरले, पण मनातले फलक तसेच राहिले. मयतीला सगळे येतात, आणि दफनभूमीत दोन बाजूंना उभे राहतात. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की काहींची मान नेमकी दुसऱ्या बाजूला वळते.

आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. पूर्वी रागाच्या भरात एखादा शब्द गेला, तर तो दहा माणसांनी ऐकला आणि विसरला. आज तो लिहून जातो, दोनशे जणांकडे जातो, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तो पुन्हा काढून दाखवतो.

साखर नव्हे, मीठ

ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे, असा प्रश्न आला की ‘गोड बोलावे’ असे उत्तर पटकन मिळते. संक्रांतीचा तिळगूळ आपल्या शेजाऱ्यांकडून आपल्याकडेही येतो, आणि त्याबरोबर येणारी गोड बोलण्याची विनंतीही आपल्याला आवडते. मात्र गोड बोलणारा प्रत्येक माणूस प्रेमाने बोलत असतो, असे नाही. तोंडावर ‘हो हो’ म्हणून फाटकाबाहेर पडल्यावर वेगळेच बोलणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. काही जण भांडण नको म्हणून आयुष्यभर खरे मत सांगतच नाहीत, आणि ह्याला ते सोशिकपणा समजतात.

संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:६) बोलण्याविषयी एक सूचना केली आहे. बोलणे कृपेने भरलेले आणि मिठाने रुचकर झालेले असावे, असा तिचा आशय आहे. पौल तिथे साखरेचे नाव घेत नाही, मिठाचे घेतो. वसईच्या माणसाला मिठाचा धडा द्यायला नको. खाडीकाठची मिठागरे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. मीठ चव आणते आणि टिकवतेही. खारवलेली मासळी पावसाळाभर राहते, न खारवलेली दुसऱ्या दिवशी नाक दाबायला लावते.

हे मासळीचे उदाहरण आम्ही उगाच घेतलेले नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२९) पौल वाईट बोलण्याला जे विशेषण लावतो, ते मूळ ग्रीक भाषेत ‘साप्रोस’ असे आहे. त्याचा अर्थ कुजके, टाकाऊ. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील जाळ्याच्या दाखल्यात (१३:४८) कोळी जी मासळी निवडून फेकून देतात, तिच्यासाठीही हाच शब्द आलेला आहे. त्याच वचनात पौल पुढे सांगतो की, आपल्या बोलण्यातून ऐकणाऱ्याला कृपा मिळावी. कृपेसाठी त्याने ‘खारिस’ हा शब्द वापरला आहे. देवाच्या कृपेसाठी तो सर्वत्र वापरतो तोच हा शब्द. म्हणजे साक्रामेंतांतून देव आपल्याला जे देतो, त्याचा काही अंश आपल्या तोंडच्या शब्दांतून शेजाऱ्याला मिळू शकतो, एवढी मोठी गोष्ट पौल इथे बोलून जातो. आपण मात्र तिच्याकडे शिष्टाचाराचा धडा म्हणून पाहतो.

इग्नेशियस ह्यांचा नियम

संत इग्नेशियस ह्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ साली पोप पॉल तिसरे ह्यांनी मान्य केले. त्या पुस्तकात साधनेला प्रत्यक्ष सुरुवात होण्याआधी, बाविसाव्या परिच्छेदात, एक नियम आहे. साधना देणारा आणि घेणारा ह्या दोघांसाठी तो आहे. त्याचा आशय असा: प्रत्येक चांगल्या ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याचे म्हणणे खोटे ठरवण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ घेण्यास अधिक तयार असावे. चांगला अर्थ घेता येत नसेल, तर बोलणाऱ्यालाच विचारावे की तुम्ही हे कोणत्या अर्थाने म्हणता. तो चुकीच्या अर्थाने म्हणत असेल, तर त्याला प्रेमाने सुधारावे. तेवढ्याने भागले नाही, तर त्याला योग्य समज येऊन त्याचे भले व्हावे म्हणून जे जे उचित उपाय असतील ते सारे करावेत.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हा नियम जसाच्या तसा घेतला आहे (क्र. २४७८). तिथे तो आठव्या आज्ञेखाली, म्हणजे खोटी साक्ष देऊ नये ह्या आज्ञेखाली येतो. जागा विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा वाईटात वाईट अर्थ लावून तो जगभर सांगणे, हीसुद्धा त्याच्याविरुद्ध खोटी साक्षच आहे.

इग्नेशियस ह्यांना हा नियम सुचायला कारणही तसेच होते. ते स्वतः गैरसमजाचे बळी ठरलेले होते. १५२७ साली स्पेनमधील आल्काला येथे त्यांना बेचाळीस दिवस आणि त्याच वर्षी सालामांका येथे बावीस दिवस कोठडीत ठेवले होते. ते लोकांना प्रार्थना शिकवत होते, म्हणून त्यांच्या शिकवणुकीचा संशय आला. तो काळ युरोपातील ख्रिस्तसभा फुटण्याचा होता. कोण आपला, कोण परका, ह्याचीच चौकशी सर्वत्र चालू होती. एखाद्याने वेगळ्या शब्दांत प्रार्थना केली तरी तो पाखंडी ठरायचा. इग्नेशियस ह्यांच्या शिकवणुकीत चूक सापडली नाही आणि त्यांना सोडून देण्यात आले. असा अनुभव घेतलेला माणूस एकतर कडवट होतो किंवा शहाणा होतो.

नियमातील दुसरी पायरी आपण सर्वांत जास्त वेळा गाळतो. आपण चांगला अर्थ घेत नाही हे खरेच, पण विचारत तर मुळीच नाही. पॅरिश कौन्सिलच्या सभेचे एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुण आई उठून म्हणते, “रविवारची एक मिस्सा इंग्रजीत असावी.” मागच्या बाकावरचे काका लगेच म्हणतात, “ह्यांना आता मराठीची लाज वाटू लागली.” ती म्हणते, “तुम्हांला जुनेच धरून बसायचे आहे.” सभा तिथे संपली. पुढचा पाऊण तास केवळ आवाज.

आता तीच सभा इग्नेशियस ह्यांच्या नियमाने चालवून पाहू. काका म्हणतात, “बाय, तुझे म्हणणे असे आहे ना, की मुले इंग्रजी शाळेत जातात आणि मराठी वाचने त्यांना समजत नाहीत, म्हणून ती मिस्साला कंटाळतात?” ती म्हणते, “हो काका. आणि घरी मी त्यांच्याशी मराठीच बोलते. पण उपासनेतले शब्द त्यांना अवघड जातात.” मग ती विचारते, “काका, तुम्हांला भीती वाटते ती अशी ना, की एकदा इंग्रजी आली की मराठी मिस्साला फक्त म्हातारी माणसे उरतील, आणि आपली गाणी, आपल्या प्रार्थना मुलांच्या तोंडून जातील?” काका मान डोलावतात. प्रश्न सुटलेला नाही. कदाचित मत घ्यावे लागेल आणि एक बाजू हरेल. पण आता सभेत दोन खरे प्रश्न आले आहेत: वाचने सोपी करून सांगणे आणि मराठी टिकवणे. ‘लाज’ आणि ‘जुनेपणा’ ह्या शब्दांत ते दोन्ही दडून गेले होते.

(सभेचा चहा शेवटी न देता सुरुवातीला द्यावा, असे आमचे एक मत आहे. उपाशीपोटी कोणाच्याही म्हणण्याचा चांगला अर्थ लागत नाही.)

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ह्या शिस्तीला जुने नाव आहे. आपल्या भारतीय परंपरेत त्याला पूर्वपक्ष म्हणतात. शंकराचार्यांसारखे भाष्यकार आपले मत मांडण्याआधी विरोधकाचे मत मांडतात, आणि तेही असे की विरोधकाने स्वतः मांडले असते तर ह्याहून बरे मांडले नसते. मग उत्तरपक्ष येतो. आपल्या ख्रिस्तसभेत संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात हीच रीत पाळली. त्यांच्या ‘सुम्मा’ ग्रंथातील प्रत्येक लेख विरुद्ध बाजूच्या आक्षेपांनी सुरू होतो. देव आहे का, ह्या प्रश्नावरही आधी ‘देव नाही असे दिसते’ ह्या बाजूची कारणे येतात. जगात दुष्टता आहे हे पहिलेच कारण, आणि ते त्यांनी जराही पातळ केलेले नाही. सेमिनरीत काही विद्यार्थ्यांना उत्तरापेक्षा आक्षेपच जास्त पाठ असतात, ही वेगळी गोष्ट. देवाविषयी बोलताना ज्या संताने समोरच्याला पहिली संधी दिली, त्याचे वारस असलेल्या आपल्याला गटाराच्या किंवा मांडवाच्या प्रश्नावर ती देणे जड जाऊ नये.

घरी करून पाहण्यासारखी कसोटी सोपी आहे. दुसऱ्याचे मत त्याच्यासमोर आपल्या शब्दांत सांगा आणि विचारा, “तुमचे म्हणणे असे आहे ना?” तो “हो, असेच” म्हणाला, तर आता उत्तर देण्याचा हक्क तुम्हांला मिळाला. “नाही, तसे नाही” म्हणाला, तर आणखी थोडे ऐकायचे आहे.

खरे आहे, पण…

“फादर, मी खोटे काही बोललो नाही. जे खरे तेच सांगितले.” धर्मगुरूंच्या कानांवर हे वाक्य पुष्कळदा येते. धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४७७) जिभेच्या तीन पापांत फरक करतो. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात खरा मानणे, हे पहिले. योग्य कारण नसताना एखाद्याचा खरा दोष, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना सांगणे, हे दुसरे. खोटे सांगून त्याचे नाव खराब करणे, हे तिसरे. तिसरे पाप आहे हे सर्वांना मान्य असते. दुसऱ्याचे नाव काढले की लोक चकित होतात. खरे असले म्हणून सगळे सगळ्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. शेजाऱ्याच्या मुलीची सोयरीक का मोडली, अमुकाने जमीन कोणाला आणि किती पैशांना विकली, तमुक घरात रात्री आवाज का चढतात, हे खरे असेलही. ते ऐकून कोणाचे भले झाले?

नाव खराब केल्यावर भरपाई करावी लागते, असेही तोच ग्रंथ सांगतो (क्र. २४८७). चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय चोरीची क्षमा मागणे जसे अपुरे, तसेच हे आहे. म्हणून एक गोष्ट आम्ही ठामपणे सुचवतो. मोबाईलवरच्या ज्या समूहात खोटी बातमी पुढे पाठवली, त्याच समूहात ‘ती बातमी खोटी होती, मी पाठवायला नको होती’ असे लिहावे. पापनिवेदनात केवळ धर्मगुरूला सांगून हे काम पुरे होत नाही. आणि एखाद्याने असे लिहिले तर खाली हसण्याची चित्रे टाकू नयेत. त्याने केलेले काम सोपे नाही.

इतर धर्मीयांविषयी जे संदेश फिरतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. आपल्याविषयी कोणी खोटे पसरवले की आपल्याला लागते, आणि देशात अनेक ठिकाणी ख्रिस्ती लोक आज हे सोसत आहेत. मग दुसऱ्या समाजाविषयी शहानिशा न केलेली गोष्ट आपल्या मोबाईलवरून पुढे कशी जाते?

मग अन्यायाचे काय?

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की ज्याने विहिरी बुजवल्या, गरिबाची जमीन लबाडीने घेतली, त्याच्याही बोलण्याचा चांगला अर्थ घ्यायचा का? इग्नेशियस ह्यांच्या नियमाच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्यासाठीच आहेत. चूक दिसली की चूक म्हणायचे. अंत्युखियात पेत्र बिगर-यहुदी बंधूंच्या पंक्तीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष, तोंडावर विरोध केला (गलती २:११-१४). पाठीमागे कुजबुज केली नाही. आणि पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असाच येतो (२ पेत्र ३:१५).

प्रभू येशूचे स्वतःचे उदाहरण ह्याहून जवळचे आहे. मुख्य याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशूने शिवी दिली नाही आणि गप्पही बसला नाही. त्याने विचारले, मी वाईट बोललो असेन तर ते वाईट काय ते दाखव. बरे बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). मारणाऱ्याला त्याने विचार करायला लावले.

ह्याच आठवड्यात, २५ जुलैला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचा स्मृतिदिन येतो. २०२४ साली ते प्रभूघरी गेले. हरित वसईच्या लढ्यात ते पुढे उभे राहिले आणि जे बोलायचे ते उघड बोलले. २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून काहींनी विरोध केला. धमकीचे फोनही आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचे धाराशिव) प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले, आणि व्यासपीठावरून त्यांनी पर्यावरणाचा किंवा हिंसेचा विषय टाळला नाही. ज्यांना ते पटले नसतील, अशी माणसे आपल्याही धर्मग्रामात आहेत. तरीही अनेकांना त्यांची मराठी आपली वाटली, कारण त्या भाषेत परक्याला जागा होती.

एका गैरवापराबद्दल मात्र सावध करायला हवे. सौम्य बोलण्याची ही शिकवण दुबळ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरू नये. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला ‘तू जरा गोड बोल, म्हणजे तो शांत होईल’ असा सल्ला देणे, हा येशूच्या शिकवणुकीचा अपमान आहे. मजुरी बुडालेल्या आदिवासी बंधूचा आवाज चढला, तर आधी मजुरीचे बोलावे, आवाजाचे नंतर. आवाजावर आक्षेप घेणे नेहमी त्यालाच परवडते, ज्याचे काही बुडालेले नसते.

शेवटी प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय. येत्या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत तोच वाचावा. पूर्वार्धात यरुशलेमची सभा आहे: पुष्कळ वादविवाद होतो, पेत्र बोलतो, मग सगळी सभा गप्प राहून बर्णबा आणि पौल ह्यांचे ऐकते, आणि निर्णय होतो. उत्तरार्ध लोक सहसा वाचत नाहीत. तीच दोन माणसे, पौल आणि बर्णबा, मार्कला सोबत न्यायचे की नाही ह्यावरून इतकी भांडतात की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मार्क मागच्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेला होता. पौलाला तो नको होता. बर्णबा त्याला घेऊन सायप्रसला गेला. लूकने हे लपवलेले नाही, आणि कोण बरोबर होते तेही सांगितलेले नाही.

बैठकीत आधी पौलाची बाजू एकाने मांडावी, बर्णबाची दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांना विचारावे की तुमचे म्हणणे असे आहे ना. मग तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडावा. पौल तुरुंगात आहे, बहुतेक सोबती निघून गेले आहेत. अकराव्या वचनात तो तीमथ्याला सांगतो की, येताना मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.